पापणीच्या आतला रंग

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळीच धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अकरा नंबरच्या जबड्याखाली गाठ आलीय. हाताला पाण्याच्या पिशवीसारखी मऊ लागते. गलगंड असेल का गं?"

त्याच्या शेळ्यांना नावं नाहीत, कानात पिवळे बिल्ले आहेत. आणि मी पशुवैद्य नाही. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौतीस वर्षं काम केलं. रक्त, लघवी, थुंकी आणि माणसांचा मैला, एवढंच माझं राज्य. पण घरातलं एखादं माणूस सूक्ष्मदर्शकापुढे बसतं म्हटलं की सगळ्या गोतावळ्याला ते अर्धं डॉक्टर वाटायला लागतं. मी "डॉक्टरांना दाखव" म्हणाले, कढईतले पोहे परतले आणि विसरून गेले. मंगळवारी रात्री अकरा नंबर मेली. बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा सात नंबरच्या गळ्याखालीही तशीच पिशवी लोंबत होती.

भावानं कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे घेतलेल्या जागेत त्यानं पत्र्याचा गोठा बांधला, एक एकराला तारेचं कुंपण घातलं आणि चाकणच्या शनिवारच्या बाजारातून अठरा उस्मानाबादी शेळ्या आणल्या. शेळी म्हणजे चालतंफिरतं एटीएम, असं त्याला कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलं होतं. एटीएममध्ये पैसे आधी कुणीतरी भरावे लागतात, हे तिथं बहुधा सांगायचं राहिलं.

दवाखान्यातले डॉक्टर आले. गोठ्यामागे खताच्या रिकाम्या गोणीवर त्यांनी अकरा नंबर उघडली. मांस पांढुरकं, रक्त पाणचट, लाल पाण्यासारखं. मग त्यांनी शेळीच्या चार पोटांतलं चौथं उभं चिरलं, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "मॅडम, या इकडे. तुमच्या कामाचं आहे."

आतल्या अस्तरावर लाल-पांढऱ्या सुताचे तुकडे वळवळत होते. प्रत्येक तुकडा दोन-अडीच सेंटीमीटरचा. नीट पाहिलं की पीळ दिसतो: रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि त्याला वेढे घालत गेलेली पांढरी अंडनलिका. हिमोंकस कॉन्टॉर्टस. पुस्तकातलं चित्र मी कॉलेजात पाहिलं होतं, पण माणसांच्या लॅबमध्ये हा पाहुणा यायचं काही कारण नव्हतं. असा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात असे हजार असले तर रोजचं पन्नास मिलिलिटर झालं, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी शिरांमध्ये टिकत नाही, पाझरून सगळ्यात खालच्या सैल जागी साचतं. दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावरात ती जागा म्हणजे जबड्याखालची कातडी. तीच ती "गाठ".

"पण डॉक्टर, लेंडी तर एकदम कोरडी होती. गोळी न् गोळी सुटी," भाऊ म्हणाला. त्याचा सगळा भरवसा त्या लेंडीवर होता. जंत झाले की ढाळ लागतात, हे आपल्या डोक्यात माणसांवरून पक्कं बसलेलं असतं. हा जंत बहुतेक वेळा ढाळ लावत नाही. निमूटपणे रक्त पीत राहतो, आणि मालक लेंड्या पाहून निश्चिंत असतो.

"जंताचं औषध कधी दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊ आत गेला आणि एक डबा घेऊन आला. हिरवं झाकण, वर पानाचं चित्र, "शंभर टक्के नैसर्गिक". कुठल्याशा कृषी प्रदर्शनात घेतला होता. घटकांमध्ये वावडिंग, पळसबीज, कडुनिंब, सुंठ. प्रमाण कशाचंच नाही. जूनपासून तो दर महिन्याला गुळाच्या खड्यातून हे चूर्ण देत होता, कारण त्याला शेळ्या "केमिकलमुक्त" ठेवायच्या होत्या. त्या आधीचं दीड वर्ष मात्र त्यानं एकच पांढरं द्रव जंतनाशक सहा वेळा पाजलं होतं, सगळ्या शेळ्यांना एकाच मापानं, वजन अंदाजे धरून, बाटलीवरचा मेंढीचा डोस वाचून. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर निकामी करून बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस शेळीला पुरत नाही. कमी डोसात जे जंत वाचतात ते औषध पचवलेले असतात, आणि पुढची प्रजा त्यांचीच. म्हणजे आधी भावानं चिवट जंतांची पैदास केली आणि मग त्यांना गूळ खाऊ घातला. मला त्याच्यावर इतका राग आला की परतीच्या वाटेवर भूगावपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्यालाही रडू येत होतं, हे मला चांदणी चौकात कळलं.

त्या दिवशी मी पिशवीतून आठ शेळ्यांच्या लेंड्या घेऊन वारज्याला आले. लेंड्या थेट शेळीकडून, हातमोजा घालून घेतलेल्या. जमिनीवरच्या चालत नाहीत. प्रत्येकीच्या पिशवीवर नंबर. घरात शिरताना यजमान पेपर वाचत होते. त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "निवृत्त झालीस असं मला वाटलं होतं."

माझा जुना सूक्ष्मदर्शक माळ्यावर होता. मोजणीची काचपट्टी मागवली. बाकीचं सामान स्वयंपाकघरातलंच: पाण्यात जाडं मीठ घालत, ढवळत जायचं, तळाशी विरघळायचं थांबलं की द्रावण तयार. चार ग्रॅम लेंड्या कुस्करून छप्पन्न मिलिलिटर मिठाच्या पाण्यात ढवळायच्या, चहाच्या गाळण्यानं (ते गाळणं नंतर गोठ्याला बहाल झालं) गाळायचं आणि काचेच्या दोन कप्प्यांत सोडायचं. अंडी मिठाच्या पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगून वरच्या काचेला चिकटतात. दोन्ही कप्प्यांत दिसतील तेवढी मोजून पन्नासनं गुणायचं. माणसांचा मैला पाहताना एखादं अंडं सापडलं की "पॉझिटिव्ह" लिहून मोकळं व्हायचो. इथं किती आहेत याला अर्थ होता.

सात नंबरची काच मी भिंगाखाली सरकवली आणि मोजता मोजता मधेच थांबले. जिकडे बघावं तिकडे लांबट, पातळ कवचाची अंडी, आत तुतीच्या फळासारखा पेशींचा घोस. या जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. सात नंबरचा आकडा हजारांत गेला. आणि चौदा नंबरची? तीच जागा, तेच गवत, तोच डबा, आणि दोन्ही कप्पे मिळून दोन अंडी. आधी वाटलं माझ्याच हातून नंबरांची अदलाबदल झाली. पुन्हा केलं. तेच. नंतर वाचलं की हे असंच असतं. कळपातल्या वीस-तीस टक्के जनावरांच्या पोटात कळपाचे सत्तर-ऐंशी टक्के जंत राहतात. बाकीच्या जवळजवळ मोकळ्या. म्हणजे सरसकट सगळ्यांना पाजायचं औषध, मग ते पांढरं असो की हिरव्या झाकणाचं, निम्म्याहून जास्त वेळा ज्यांना नको त्यांच्याच घशात जातं.

आता हिरव्या झाकणाबद्दल. मला त्या डब्याचा राग आला होता, पण वावडिंगाचा येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे बाळाला सवा महिना होत नाही तोच वावडिंगाचं पाणी सुरू होतं. माझ्या दोन्ही मुली त्या पाण्यावर वाढल्या. पळसबीला काष्ठौषधीवाले पळसपापडी म्हणतात, आणि तिचं चूर्ण ताकातून देणं हे आजीचं ठरलेलं औषध होतं, नातवंडांना आणि करडांना जवळपास एकच. तेव्हा मी ठरवलं, डबा खोटा असेल, पण औषध खरं असू शकतं. रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेले, पळसपापडी, वावडिंग आणि शेंदरी अशी तीन पुड्यांची खरेदी केली. दुकानदारानं शेंदरी बांधता बांधता विचारलं, "पोटात घ्यायला की रंगाला?" कमला नावाच्या झाडाच्या फळांवरची ही लाल भुकटी पूर्वी रेशीम रंगवायला वापरत आणि पट्टकृमी पाडायलाही. मी म्हटलं, "शेळीला." तो हसला नाही. म्हणाला, "मग जपून. ढाळ लावते."

जपून हा शब्द बरोबर होता. पळसपापडीतलं जे द्रव्य जंतावर काम करतं ते पॅलासोनिन, आणि रसायनशास्त्राच्या नात्यानं ते कँथारिडीनचं सख्खं भावंड. कँथारिडीन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचं विष. झाडावरून आलं म्हणून ते सौम्य होत नाही. वावडिंगातलं एम्बेलिन प्रयोगात जनावरांच्या प्रजननावरही परिणाम करतं असं दिसलं आहे. गाभण शेळीला ते गुळातून चारताना कुणी तिला विचारत नाही. शिवाय बाजारात वावडिंग म्हणून मिळतं ते पुष्कळदा त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपाचं फळ असतं, कारण खऱ्याच्या वेली घाटात ओरबाडून संपत आल्यात. मिरीच्या आकाराचे ते दाणे ओळखणारे डोळेही कमी झालेत. माझे तर नाहीतच.

आणि झाडपाल्यात काही दम नाही असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात लाखो माणसांच्या आतड्यातले अंकुशकृमी पाडले ते थायमॉलनं, आणि थायमॉल हा आपल्या ओव्याचा वास. त्या काळी ओवा इथून जहाजं भरून जर्मनीला जायचा, थायमॉल काढायला. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं ते आयव्हरमेक्टिन या जंतनाशकासाठी, ज्याचा जीवाणू जपानमधल्या मातीत सापडला. आणि त्याच पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग तू यूयू या चिनी बाईंना, दवण्याच्या जातभाईतून मलेरियाचं औषध काढल्याबद्दल. त्यांचा काढा आधी चालत नव्हता. जुन्या ग्रंथात लिहिलं होतं की पाला पाण्यात भिजवून पिळा. उकळायला सांगितलंच नव्हतं. उष्णतेनं औषध मरत होतं. एवढ्याशा फरकावर सगळं अडलेलं. आमच्या डब्यावर तर चूर्ण कशाचं, साल की बी की पान, एवढंही नव्हतं.

तर मी एक प्रयोग केला. त्याला प्रयोग म्हणताना माझ्या लॅबमधले जुने साहेब कसे बघतील ते मला दिसतं, पण केला. आधी डॉक्टरांनी सात नंबरला आणि तिच्यासारख्या दोघींना योग्य ते औषध वजन करून दिलं. त्यांना प्रयोगात धरलं नाही. ज्या बऱ्या होत्या अशा आठ जणी निवडल्या. चौघींना ताकातून पळसपापडी, चौघींना नुसतं ताक. दोन आठवड्यांनी पुन्हा लेंड्या, पुन्हा मीठ, पुन्हा काच. दोन्ही गटांत काहींचे आकडे चढले, काहींचे उतरले. पळसपापडीवाल्या एकीला ढाळ लागले. आठ शेळ्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मनात मी आजीच्या बाजूनं होते, आणि आकडे नव्हते.

असं का, याचा विचार करता करता मला शेळीचं पोट डोळ्यांसमोर आलं. काचेच्या बशीत अळ्या सोडून वर अर्क ओतला की अर्धी वनस्पतिसृष्टी जंतनाशक ठरते. पण शेळीला पाजलेली चिमूटभर भुकटी आधी पडते पहिल्या पोटात. तिथं कित्येक लिटर आंबलेला पाला, अब्जावधी जीवाणू आणि सतत चाललेलं घुसळण. तिथून विरघळत, मोडत, पातळ होत ती चौथ्या पोटात पोचेपर्यंत तिच्यात काय उरत असेल? पिंपभर आमटीत एक लवंग. आजीच्या औषधाची कीर्ती झाली ती, मला वाटतं, पट्टकृमींमुळे. पट्टकृमीचे पांढरे तुकडे लेंडीबरोबर भाताच्या शितासारखे बाहेर दिसतात. औषध दिलं, शितं पडली, गुण आला. शेळीचं त्या पट्टकृमीनं एरवीही फारसं बिघडत नाही. मारणारा जंत बाहेर कधी दिसतच नाही, तो पोट फाडल्यावर भेटतो.

तरी एक गोष्ट उरत होती. आजीच्या शेळ्या मरत नव्हत्या. मामीच्याही मरत नाहीत.

मामी पुरंदरात राहते, कऱ्हेच्या अंगाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून नऊ शेरडं राखते. बोपदेव घाटानं सासवडला जाऊन पुढे तिच्याकडे पोचले ते वही-पेन घेऊनच. म्हटलं आजीचं सगळं औषध लिहून घ्यावं, मात्रा, अनुपान, कुठल्या महिन्यात काय. अंथ्रासारख्या संस्थेनं, जी पशुवैद्यक बायकांनी सुरू केली, पुण्यात बसून अशी कितीतरी गावठी औषधं लिहून ठेवली आहेत. मीही आमच्या घरापुरतं लिहीन.

"मामी, आजी जंताला काय द्यायच्या?"

"पळसपापडी द्यायच्या की."

"आणि तुम्ही?"

"म्या? म्या पांढरं औषध आणते मेडिकलातनं. पळसपापडी कोण वाटीत बसतंय आता? हात दुखत्यात."

वही मिटली. चहा झाला. मी राहिले मात्र दोन दिवस, कारण मामीला सोबत हवी होती, आणि त्या दोन दिवसांत जे पाहिलं ते वहीत लिहायचं मला सुचलंही नाही.

मामी शेरडं नवाच्या आत सोडत नाही. नळाला पाणी येतं ते आठला, ते भरून होईपर्यंत शेरडं दाव्याला. विचारलं तर म्हणते, "दंव हाय तवर सोडली की पोट फुगतं." कारण चुकीचं असेल, वेळ अगदी बरोबर. लेंडीतल्या अंड्यातून निघालेली अळी आठवड्याच्या आत तयार होते आणि गवताच्या पात्यावर दवाच्या थरातून पोहत वर चढते. चढून चढून किती? चार बोटं, फार तर वीतभर. दव आटलं की ती परत खाली, मातीशी. पात्यावर चढलेल्या अळीला फक्त शेळीच्या तोंडाची वाट बघायची असते. पोटात गेली की तीन आठवड्यांत तिची मादी होऊन अंडी घालायला लागते.

मग मामी निघते ती आकडी घेऊन. शेरडं गवताला तोंड लावतात न लावतात, की ती हिवराची फांदी खाली ओढते. सगळ्या मागच्या पायांवर उभ्या. मग बाभूळ, मग बोर, मग कुणाच्या बांधावरचा कडुनिंब. येताना डहाळीचा एक भारा डोक्यावर, तो गोठ्यात आडव्या वाशाला उंच टांगायचा. खाली टाकला की शेरडं त्यावर पाय देतात आणि पाय दिलेलं खात नाहीत. चोखंदळपणात शेळीचा हात धरणारं जनावर नाही. मूळची ती झुडपांची गिऱ्हाईक, गवताची नव्हेच. म्हणूनच असेल, जंतांशी झगडायची जी ताकद मेंढीच्या अंगात मुरत जाते ती शेळीत तेवढी मुरत नाही. तिला तिची गरजच पडली नव्हती. ती डोक्याच्या उंचीवर खात होती आणि अळी घोट्याच्या खाली होती.

माझ्या भावानं याच शेळीला मुळशीच्या पावसात एक एकर हिरव्यागार, आखूड गवतात कोंडून ठेवलं. मुळशीत जुलैच्या एका आठवड्यात पडतो तेवढा पाऊस मामीकडे अख्ख्या पावसाळ्यात पडला तर लोक खंडोबाला नारळ फोडतील. त्या कुंपणात अठरा शेळ्या दोन पावसाळे जिथं हागत होत्या तिथंच खात होत्या. मग तिथं पळसपापडी काय करणार आणि पांढरं औषध तरी काय करणार?

मामीच्या गावावरून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरती बिऱ्हाडं, जातात. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं, पावसाआधी पुन्हा या कोरड्या मुलखात यायचं. वाटेत शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात, खतासाठी. दोन-चार रात्री एका शेतात, मग पुढचं शेत. खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसे धनगराला, असा हा व्यवहार. पण हिशेब करून बघा: लेंडीतली अळी तयार होऊन पात्यावर चढेपर्यंत मेंढरं दुसऱ्या गावच्या शिवारात पोचलेली असतात. अळी वाट बघत बसते, तिच्याकडे कुणी येत नाही, मग वैशाखाचं ऊन येतं.

आमच्या सोसायटीत एक वैद्यकाकू आहेत. लिफ्टमध्ये त्यांना मी हे सांगितलं तर तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडवून त्यांनी मला चरक ऐकवला. विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगून उपचाराच्या तीन पायऱ्या दिल्यात: अपकर्षण, म्हणजे ओढून बाहेर काढणं, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना मानवणारी पोटातली परिस्थिती बिघडवणं, आणि शेवटी निदान-परिवर्जन, ज्यामुळे झाले ते टाळणं. "लोक पहिल्या पायरीवर पुडी विकत घेतात आणि घरी जातात," काकू म्हणाल्या. खालून कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं.

दुसरी पायरी मला तोवर नुसता शब्द वाटत होती. मग बाभळीबद्दल वाचलं. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून तर चामडं कमवायला तिची साल लागते. टॅनिन पहिल्या पोटात प्रथिनांना मिठी मारून बसतं, जीवाणूंना ती खाऊ देत नाही, आणि चौथ्या पोटाच्या आंबट रसात पोचल्यावर मिठी सोडतं. शेळीला जास्त प्रथिन मिळतं, रक्त भरून निघायला बळ येतं. शिवाय पोटात आलेल्या अळीला अंगावरची कात टाकल्याशिवाय पुढे वाढता येत नाही. टॅनिन तिला ती टाकू देत नाही. चिमटीतली भुकटी आमटीत हरवते, पण रोजचा भाराभर पाला ही आमटीच होऊन जाते. अमेरिकेत आणि युरोपात यासाठी मुद्दाम टॅनिनवाली चारापिकं लावतात. अति झालं तर तुरटपणानं शेळीचं खाणंच कमी होतं, तेही खरं. पण मामीच्या शेरडांना अति कधी होत नाही, ती दिवसात दहा झाडांना तोंड लावून येतात.

हे सगळं भावाला सांगायला गेले तर तो म्हणाला, "म्हणजे बाभळीचं चूर्ण आणू?"

त्याला समजायला थोडा वेळ लागला, मलाही लागलाच होता. कुंपणाचं गवत आता तो कापून वाळवतो, शेळ्या त्यात सोडत नाही. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावलाय. गोठ्यात फळ्यांची उंच जमीन केली, लेंड्या फटीतून खाली पडतात. सात नंबरला दिलेलं पहिलं औषध, दोन आठवड्यांनी मी मोजलं तेव्हा, पुरेसं लागू पडलेलं नव्हतं; डॉक्टरांनी औषधाचा गट बदलला, मग आकडा उतरला. दुसऱ्या चिठ्ठीवर तेही बाटलीतलंच रसायन होतं, आणि सात नंबर त्याच रसायनावर वाचली. केमिकलमुक्त हा शब्द आमच्याकडे आता कुणी काढत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेत सुंदरबनातल्या गरोल मेंढीशी दख्खनी मेंढीचा संकर केला तेव्हा संकरित कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी दिसली, हे वाचल्यापासून भाऊ चौदा नंबरकडे वेगळ्या नजरेनं बघतो. तिच्या पाटी, म्हणजे मादी पिल्लं, विकायच्या नाहीत, असं ठरलंय.

आणि पापण्या. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यांच्या कल्पनेतून एक रंगपट्टी निघाली, तिचं नावही त्यांच्यावरूनच पडलं, फामाचा. शेळीची खालची पापणी उलटायची आणि आतला रंग पट्टीशी ताडायचा. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे कागदासारखा पांढरा. एक-दोनला औषध नाही. चार-पाचला लगेच. मधल्या तीनला डोकं वापरायचं. ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटात साधे, औषधाला मरणारे जंत शिल्लक राहतात आणि चिवटांच्या प्रजेत मिसळत राहतात, म्हणून थोडे जंत ठेवणंच फायद्याचं. चौतीस वर्षं मी हिमोग्लोबिन यंत्रावर काढलं आणि शेवटी येऊन पोचले ते गावातल्या म्हाताऱ्या ज्या एका गोष्टीवर पोरगी अशक्त आहे म्हणायच्या तिथं. पट्टी हा जंत सोडून बाकी कशाला उपयोगी नाही, पण पावसाळ्यात मुळशीत बाकीचं नंतर बघता येतं.

आता श्रावण ते दिवाळी दर पंधरा दिवसांनी मी जाते. भाऊ शेळी धरतो, मी पापणी उलटते, वहिनी वहीत लिहिते. गेल्या खेपेला सात नंबरवर आमचं वाजलं. तिला दोन महिने झाले होते व्यायला, आणि व्यायच्या सुमाराला शेळीची ताकद जंतांपुढे कमी पडते, अंडी वाढतात. भाऊ म्हणे तीन, मी म्हणे चार. पत्र्याखाली उजेड कमी, बाहेर धो धो. पापणी दिव्याखाली बघायची नाही, उघड्या उजेडात बघायची. पिवळ्या दिव्यात पांढरंही गुलाबी दिसतं. भावानं मोबाइलची बॅटरी लावली, मी ती विझवायला लावली. सात नंबर तोवर माझ्या ओढणीचं टोक चघळत होती.

"ऊन पडलं की बघू," मी म्हटलं.

"मुळशीत?" वहिनी म्हणाली, आणि वहीत सातच्या पुढची जागा मोकळी सोडून तिनं आठ लिहिला.